ब्रूजला मुक्काम, गेंटला दुसरा दिवस: मैत्रिणीसोबतचा एक वीकेंड

कृष्णाकाठ

युरोपातल्या जुन्या शहरांवर इथे बरेच धागे आहेत. पण त्यांत बेल्जियममधलं ब्रूज येतं ते 'ब्रसेल्सहून अर्ध्या दिवसात उरकून या' एवढ्यापुरतंच. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. ब्रूजला रात्री राहा आणि दुसऱ्या दिवशी गेंटला जा. दोन्ही शहरं लागोपाठ आणि याच क्रमाने पाहिली की एकामुळे दुसरं समजायला लागतं.

मी आइंडहोवनला असते. हॉस्टेलपासूनची माझी मैत्रीण ऑफिसच्या कामाला फ्रँकफुर्टला आली होती आणि मधला शनिवार-रविवार तिला मोकळा होता. तिचा मेसेज आला तोच 'पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम' असा. मी म्हटलं, अगं, दोन दिवसांत तीन राजधान्या म्हणजे तीन रेल्वे स्टेशनं बघणं. त्यापेक्षा दोन छोटी शहरं बघू आणि निवांत गप्पा मारू. ती लगेच तयार झाली.

शनिवारी सकाळी ब्रसेल्स मिडी स्टेशनावर भेटलो. तिथून ब्रूज तासाभरावर. स्टेशनापासून चौकापर्यंत बस आहे, पण वीसेक मिनिटांची वाट आहे आणि ती चालतच जावी, कारण तळ्याच्या कडेने जाताना बेगीनहोफ लागतं.

या बेगीनहोफबद्दल जरा सविस्तर लिहिते. फ्लँडर्सची (आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागाची) काउंटेस मार्गारेट हिने १२४५ मध्ये वसवलेली ही बायकांची वस्ती. पूल ओलांडून दरवाज्यातून आत गेलं की मधे गवताचं मोठं अंगण, त्यात उंच झाडं आणि चहूबाजूंनी पांढरी घरं. इथे राहणाऱ्या बेगिना नन्स नव्हत्या. त्या आजन्म व्रत घेत नसत. स्वतःची मालमत्ता स्वतःकडे ठेवत. लोकर, लेस, आजाऱ्यांची शुश्रूषा अशा कामांवर पोट भरत. पुढे लग्न करावंसं वाटलं तर वस्ती सोडून जायला मोकळ्या असत. तेराव्या शतकात, जिला नवराही नको आणि मठही नको, अशा बाईला राहायला ही जागा होती! ही परंपरा अगदी परवापरवापर्यंत टिकली. शेवटची बेगीन २०१३ मध्ये कोर्त्रेक गावी वारली. ब्रूजच्या घरांत १९२७ पासून बेनेडिक्टाइन नन्स आल्या, त्यामुळे आत शांतता पाळावी लागते. एका घरात छोटं संग्रहालय आहे, जुनं सामान आणि लेसचं काम मांडलेलं. माझी मैत्रीण आपल्या मर्जीने एकटी राहते, आणि 'पुढे काय ठरवलंयस' हा प्रश्न तिला आजही प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो. ती त्या अंगणाच्या कडेला कितीतरी वेळ उभी होती. मीही घाई केली नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर आवर लेडी चर्च. विटांचा मनोरा सुमारे ११५ मीटर उंच. आत मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बाळ. फोटोंवरून मूर्ती खूप मोठी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती बेताची आहे. बाळ आईच्या मांडीवर नाही, तिच्या गुडघ्यांमधे उभं आहे आणि आता खाली पाऊल टाकणार असं दिसतं. आईने त्याचा हात धरलाय पण ओढून नाही, आणि ती त्याच्याकडे बघतही नाही, नजर खाली. ब्रूजच्या मूस्क्रोन या कापडव्यापारी घराण्याने ती १५०४ च्या सुमारास इटलीतून घेतली. पुढे १७९४ मध्ये फ्रेंचांनी ती पॅरिसला नेली, नेपोलियन हरल्यावर परत आली. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी गाद्यांत गुंडाळून पळवली आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत सापडली. ही खाण लक्षात ठेवा, गेंटला परत भेटणार आहे.

घंटाघराबद्दल इथे भरपूर लिहिलं गेलंय: ८३ मीटर, ३६६ पायऱ्या, वर ४७ घंटा. आम्ही चढलो, छान वाटलं. पण दुपारी रांग मोठी असते, उघडल्या उघडल्या गेलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. दुपारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. टूरच्या बस, बोटींसाठी रांगा, वॉफलच्या दुकानांपुढे झुंबड. तेवढंच बघून परतलो असतो तर मीही म्हटलं असतं की ब्रूज म्हणजे नुसती जत्रा. संध्याकाळी सहा-साडेसहानंतर बस निघाल्या, बोटी थांबल्या आणि गाव गावकऱ्यांकडे परत गेलं. आम्ही जेवून कालव्याच्या कडेने रोझेनहूडकाईपर्यंत आणि तिथून पुढे गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. उघड्या खिडकीतून कोणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. सकाळी लवकर उठून पूर्वेकडच्या जुन्या तटबंदीवर गेलो. तिथे पवनचक्क्या आहेत, त्यातली सिंट-यान्सहाउस १७७० पासून आपल्या मूळ जागी उभी आहे. एक आजोबा कुत्रा फिरवत होते, बाकी कोणी नाही.

हे शहर इतकं जसंच्या तसं राहिलं ते का? त्याचं उत्तर समुद्रात आहे. ११३४ च्या वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत आली आणि ब्रूजला समुद्राची वाट मिळाली. पुढची तीनशे वर्षं इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचं कापड, इटलीचे सावकार, सगळं इथे. मग खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रूज बेल्जियममधल्या सर्वांत गरीब शहरांपैकी एक होतं. आज आपण ज्या गल्ल्यांचे फोटो काढतो त्या गरिबीने राखलेल्या आहेत, हे तिथे उभं असताना मनात असू द्यावं.

आणि म्हणून नंतर गेंट. रेल्वेने पंचवीस मिनिटं. तेही मध्ययुगात कापडावर मोठं झालं, पण ते थांबलं नाही. त्याने गिरण्या काढल्या, विद्यापीठ काढलं, आणि आजही ते विद्यार्थ्यांचं, सायकलींचं, कामाधंद्याचं शहर आहे. रविवारी सकाळी कौटर चौकात फुलांचा बाजार भरतो, तिथून सुरुवात केली.

सेंट बावो कॅथेड्रलमधलं व्हॅन आइक बंधूंचं वेदीचित्र हे गेंटला जायचं पहिलं कारण. १४३२ मध्ये पूर्ण झालेलं, लाकडी फळ्यांवर तैलरंग. मधे ख्रिस्ताचं प्रतीक असलेलं कोकरू, त्याच्या छातीतून रक्ताची धार पेल्यात पडते आहे. सोळाव्या शतकात त्याच्यावर कोणीतरी पुन्हा रंगकाम केलं होतं. नुकत्याच झालेल्या जतनकामात तो थर काढला आणि खालचं मूळ तोंड बाहेर आलं, सरळ आपल्याकडे बघणारं, जवळजवळ माणसाच्या डोळ्यांचं. लोकांना ते विचित्र वाटलं. मला त्याच्यासमोरून हलवेना. खालच्या गवतात एकेक फूल ओळखता येईल इतकं बारीक काढलंय, आणि मुकुटातल्या मण्यांवर खिडकीचा उजेड पडलेला दिसतो. हे चित्रही दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पळवलं आणि त्याच मिठाच्या खाणीत ठेवलं होतं. काल पाहिलेली मूर्ती आणि आज पाहिलेलं चित्र १९४५ मध्ये एकाच डोंगराच्या पोटात होते.

दुपारी ग्राव्हेनस्टीन, काउंटचा किल्ला. ११८० मध्ये आल्सासच्या फिलिपने बांधला. बुरूज, खंदक, छळाची हत्यारं, सगळं आहे. पण एकोणिसाव्या शतकात याच किल्ल्यात सूतगिरणी चालायची आणि कामगारांची बिऱ्हाडंही इथेच होती, हे वाचलं आणि मैत्रीण थबकली. तिचे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचं काम गेलं ते गेलंच. मग ठरलेला बेत सोडून आम्ही इंडस्ट्री म्युझियमला गेलो. तेही जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे. लीव्हेन बाउवेन्स या गेंटच्या माणसाने १८०० च्या थोडं आधी इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र सुटं करून चोरून आणलं (तेव्हा यंत्रं बाहेर न्यायला इंग्लंडमध्ये बंदी होती) आणि त्यावर या शहराचा कापडधंदा पुन्हा उभा राहिला. मागांसमोर उभी राहून मैत्रीण मला सांगत होती: धोटा कुठून कुठे पळतो, धागा तुटला की काय करायचं, खात्यातल्या आवाजात माणसं खुणांनी कशी बोलायची, वडिलांना घरीसुद्धा मोठ्याने का बोलावं लागायचं. इतकी वर्षं ओळखते तिला, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. 'आमच्याकडे चिमण्या पाडल्या आणि टॉवर बांधले,' एवढंच ती शेवटी म्हणाली.

प्रश्न असतील तर विचारा. खाण्याचं लिहायचं राहिलंय.

अबोली

किती छान लिहिलंयस गं! बेगीनहोफ मी पाहिलंय, पण गाइडने 'जुना मठ' म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं. आता परत जाणं आलं.
मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. तिथे निभेल का?

कृष्णाकाठ

अबोली, गेंटला अगदी आरामात. त्या शहराने २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस ठरवलाय, त्यामुळे पूर्ण शाकाहारी जागा भरपूर आहेत आणि वेटरला समजावत बसावं लागत नाही. ब्रूजला जरा शोधावं लागतं.
सांभाळायच्या गोष्टी: फ्राइज पारंपरिक पद्धतीने बैलाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणाऱ्या गाड्याही आहेत, 'प्लांटार्डिख' तेल आहे का असं विचारायचं. वॉफलमध्ये अंडं असतं. क्युबरडॉन नावाची गेंटची जांभळी, नाकाच्या आकाराची गोळी मिळते, तिच्यात काही ठिकाणी जिलेटिन असतं, तेही विचारून घे. 'सूप ऑफ द डे' भाज्यांचं दिसलं तरी स्टॉक मांसाचा असू शकतो.
मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शनिवारचं दुपारचं जेवण तेच, तळ्याकाठी बसून.

मुळामुठा

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर असहमत. मी लवेनला शिकायला होतो, ब्रूजला बऱ्याचदा गेलोय. 'गरिबीने राखलेलं जसंच्या तसं शहर' हे अर्धंच खरं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पर्यटक यायला लागल्यावर तिथे निओगॉथिक (मध्ययुगीन शैलीची नक्कल करणाऱ्या) पद्धतीने भरपूर दुरुस्त्या आणि नवी बांधकामं झाली. आवर लेडी चर्चच्या मागचा तो बोनिफेसियस पूल, ज्यावर उभं राहून सगळे 'मध्ययुगीन' फोटो काढतात, तो १९१० च्या आसपासचा आहे. म्हणून मला गेंट जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे जुन्या इमारतीत कपड्यांचं दुकान असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

कृष्णाकाठ

मुळामुठा, पुलाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि दर्शनी भिंती नव्याने सजवल्या हेही खरं. पण रस्त्यांची आखणी, कालवे, बेगीनहोफ, सिंट-यान्स रुग्णालय, घंटाघर ही काही एकोणिसाव्या शतकातली नाहीत. आणि मग गेंटलाही तोच न्याय लावायला हवा. ग्रासलेईचा तो प्रसिद्ध काठ १९१३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सजवला, आणि ज्यावरून गेंटचे तीन जुने मनोरे एका रांगेत दिसतात तो सेंट मायकेल पूलही त्याच सुमाराचा. खुद्द ग्राव्हेनस्टीन शहराने विकत घेऊन पुन्हा बांधल्यासारखा दुरुस्त केला. दोन्ही शहरांनी आपला भूतकाळ निवडून मांडलाय. गेंटने त्यात राहणंही चालू ठेवलं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मुळामुठा

ग्रासलेईचं मान्य. रुग्णालयाचं नाव काढलंत ते बरं केलंत. बाराव्या शतकातलं रुग्णालय आणि आत मेमलिंगची चित्रं, रुग्णालयासाठी काढलेली, आजही त्याच वास्तूत. ब्रूजमध्ये माझ्या लेखी मूर्तीच्याही आधी ते बघावं.

गवतीचहा

वेदीचित्राबद्दल लिहिताना चोरी कशी विसरलात? १०-११ एप्रिल १९३४ च्या रात्री दोन फळ्या चोरीला गेल्या. दहा लाख बेल्जियन फ्रँकची खंडणी मागणारी पत्रं आली. विश्वास बसावा म्हणून चोराने जॉन द बॅप्टिस्टची फळी परत केली. दुसरी, 'न्यायी न्यायाधीशां'ची, आजतागायत सापडलेली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्सेन खूदेर्तिएर नावाच्या शेअर दलालाने मरताना सांगितलं की ती कुठे आहे हे फक्त मलाच माहीत आहे, आणि तो गेला. आज डाव्या कोपऱ्यात खाली जी फळी दिसते ती १९४० च्या दशकात केलेली नक्कल आहे. ओळखून बघा, मग बाकीच्या फळ्यांचं काम किती वरचं आहे ते डोळ्यांत भरतं.
गेंटकरांबद्दल अजून एक. सम्राट पाचवा चार्ल्स १५०० मध्ये याच शहरात जन्मला. पण गावाने कर नाकारून बंड केलं तेव्हा १५४० मध्ये त्याने इथल्या प्रतिष्ठितांना अनवाणी, गळ्यात फास घालून आपल्यासमोर चालायला लावलं. गेंटकरांनी त्या अपमानाचीच ओळख केली. जुलैच्या उत्सवात अजूनही पांढरा अंगरखा आणि गळ्यात दोर घालून मिरवणूक निघते. मी पाहिली आहे, अंगावर काटा येतो.

दख्खनी

ताई, मुक्काम करा हे म्हणणं सोपं आहे. माझ्यासारखे लोक पुण्याहून दहा-बारा दिवसांची रजा, दोन मुलं आणि मोजका पैसा घेऊन येतात. ब्रूजच्या जुन्या भागात शनिवारचे हॉटेलचे दर परवडत नाहीत. आम्ही ब्रसेल्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी आलो आणि मुलांना बोट, घंटाघर, चॉकलेट सगळं आवडलं. 'नुसती जत्रा' म्हटलेलं जरा लागलं.

कृष्णाकाठ

दख्खनी, तुमच्या सहलीला उणं म्हणायचं नव्हतं, आणि मुलांना बोट आवडली यापेक्षा जास्त काय हवं. मुलांसोबतचा प्रवास वेगळाच असतो. तरी खर्चाचा मुद्दा आहे म्हणून सांगते: मुक्काम गेंटला करा, स्टेशनाजवळ किंवा ट्रामच्या मार्गावर. शनिवारी ब्रूजहून अगदी संध्याकाळी उशिरा निघालात तरी शांत ब्रूज मिळतं, आणि पंचवीस मिनिटांत गेंट. आठवड्यातला मधला दिवस जमत असेल तर गर्दी आणि दर दोन्ही कमी. रेल्वेच्या सवलती बदलत असतात, मुलांची तिकिटं काढण्याआधी एकदा रेल्वेच्या साइटवर बघा.

दख्खनी

हे जमण्यासारखं आहे. पुढच्या वेळी आईवडिलांना आणायचा विचार आहे, तेव्हा असंच करतो.

टेकडीवरचा

भारताशी एक खरा धागा जोडतो. ब्रूजहून पंधरा मिनिटांवर ओस्टेंड बंदर. तिथे १७२२ मध्ये ऑस्ट्रियन सम्राटाच्या सनदेने ओस्टेंड कंपनी निघाली. चेन्नईजवळच्या कोवलमला आणि बंगालमध्ये बांकीबाजारला तिच्या वखारी होत्या. इंग्रज आणि डच दोघांच्या पोटात दुखलं, त्यांनी दबाव आणला आणि १७२७ मध्ये सनद स्थगित झाली, १७३१ मध्ये कंपनीच गुंडाळली. खाडी बुजून समुद्र गमावलेल्या प्रदेशाची पुन्हा समुद्रावर यायची ही धडपड होती, आणि तीही शेजाऱ्यांनी मोडली.
आणि हो, संध्याकाळी किल्ल्यासमोरच्या सिंट-वेर्ले चौकात जरूर थांबा. तिथले दिवे शहरातल्या प्रसूतिगृहांना जोडलेले आहेत. बाळ जन्मलं की कोणीतरी बटण दाबतं आणि दिवे हळूहळू उजळतात. चौकात लिहिलेलंही आहे, पण लोक वाचत नाहीत.

कृष्णाकाठ

टेकडीवरचा, ओस्टेंडचं नवीन कळलं, धन्यवाद. दिव्यांखाली आम्ही उभ्या होतो, मैत्रिणीची गाडी सुटेल म्हणून निघावं लागलं.

अबोली

दख्खनींनी आईवडिलांचं काढलंच आहे तर विचारते. माझ्या आईचे गुडघे दुखतात, एक मजला चढताना थांबावं लागतं. तिला यातलं काय दाखवता येईल? घंटाघर तर सोडूनच द्यायला हवं ना?

कृष्णाकाठ

ब्रूजचं घंटाघर सोडून दे, तिथे लिफ्ट नाही आणि वरचा जिना फार अरुंद आहे. वरचं दृश्य आईंना दाखवायचंच असेल तर गेंटच्या घंटाघराला लिफ्ट आहे, फक्त लिफ्टपर्यंत पोहोचायला आधी थोड्या पायऱ्या आहेत. वेदीचित्राच्या अभ्यागत केंद्रात लिफ्टने जाता येतं. चित्राच्या काही फळ्या जतनकामासाठी आळीपाळीने बाहेर काढलेल्या असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी साइटवर बघून घे. ग्राव्हेनस्टीन मात्र बाहेरूनच दाखव, आत सगळे दगडी चक्री जिने.
ब्रूजमध्ये रुग्णालय, मूर्ती आणि बेगीनहोफ तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत, सपाट रस्ता आहे. पण दगडी फरसबंदी उंचसखल आहे, जाड तळव्याचे बूट हवेत. बोटीत उतरताना पायरी खोल असते, तिथली माणसं हात देतात. बोटी थंडीत बहुतेक बंद असतात, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच आण आईंना.